डिझेल पिकअपची ओढ वाढवायची, पण खिसा सांभाळून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरुड-मोर्शीचा संत्रा कळमन्याला नेणारे, हिंगणघाट किंवा अकोटच्या जिनिंगला कापूस टाकणारे, घरचं सोयाबीन बाजार समितीत पोचवता पोचवता शेजारच्या दोन कास्तकारांचं भाडंही मारणारे, अशा पिकअपवाल्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. बहुतेकांची गाडी बोलेरो पिकअप, काहींची योद्धा, काहींची दोस्त. हप्ता चालू असतो आणि हातात पैसा मोजका असतो. उत्तरं त्याच हिशोबाने दिली आहेत. गाडी शर्यतीत उतरवायची असेल तर इथे फारसं काही सापडणार नाही.

गाडी चढाले ओढत नाही. ट्यूनिंग करू का टर्बो बदलू?

तूर्तास दोन्ही नको. बीएस-६ बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन साधारण ७५ अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढ) देतं. योद्धाचं २.२ लिटरचं इंजिन १०० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटरच्या घरात आहे. नवी असताना हीच गाडी तोच माल घेऊन तोच चढ चढत होती, हे आठवून पाहा. मधल्या पाच-सहा वर्षांत इंजिन लहान झालेलं नाही. चोक झालेला फिल्टर, फुटका होज, थकलेले इंजेक्टर, चाकाला घासणारे ब्रेक आणि वर चढवलेलं लोखंड यांनी मिळून ती ताकद खाल्ली आहे. ती परत मिळवायला हजारात खर्च येतो. नवी ताकद घालायला त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि वरून आरटीओचा प्रश्न उभा राहतो.

म्हणून आधी हवा बघा, मग डिझेल, मग इंजिनचा थंडावा, मग चाकं आणि ब्रेक. इंजिनच्या संगणकाला हात लावण्याचा विचार अगदी शेवटी. बहुतेकांना तिथपर्यंत जावंच लागत नाही.

हवेचं काम म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिला एअर फिल्टर. पुस्तिकेत दिलेला बदलीचा पल्ला डांबरी रस्त्यासाठी ठीक आहे. आपल्याकडे गाडी पांदण रस्त्याने शेतात शिरते, समोरच्या ट्रॅक्टरची धूळ खाते आणि जिनिंगच्या आवारात कापसाची मुरी (उडणारे बारीक तंतू) ओढते. मुरी फिल्टरच्या घड्यांवर गादीसारखी बसते. वरून झटकलेला फिल्टर स्वच्छ दिसतो, पण घड्यांच्या तळाशी माती तशीच राहते. आत टॉर्च धरून बघा. उजेड आरपार येत नसेल तर बदला. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर आणि कमी दाबाने मारा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड जवळ नेलं की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, आणि काळ्या मातीची धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर जाते. दिसायला भारी म्हणून मिळणारे उघडे शंकूच्या आकाराचे फिल्टर या भागात घेऊ नका. ते इंजिनच्या खोलीतली गरम हवा ओढतात आणि धूळही जास्त आत सोडतात.

दुसरा इंटरकूलर आणि त्याचे होज. टर्बोने दाबलेली हवा तापते आणि इंटरकूलर ती थंड करतो. त्याच्या जाळीत माती, मुरी आणि किडे अडकले की तो नुसताच ओझं म्हणून बसतो. पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर नाजूक पत्रे वाकतात. मग टर्बोपासून इंजिनपर्यंत जाणारे रबरी होज तपासा. जोडावर तेलकट काळपट ओल दिसली तर तिथून हवा निसटते आहे. कोणाला तरी गाडी चालू ठेवून रेस द्यायला सांगा आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडून फेस येतो का बघा. पंखा आणि पट्टा यांपासून हात आणि दुपट्टा लांब ठेवा. चिरलेला होज आणि दोन क्लिपा बदलल्यावर "टर्बो गेला" म्हणून आलेली गाडी ठणठणीत परत जाते, हे गॅरेजात नेहमी दिसतं.

टर्बोचं खरंच काही बिघडलं असेल तर शीळ वाढते, निळा धूर येतो, तेल कमी होतं. इंजिन बंद आणि गार असताना हवेचा होज काढून बोटाने शाफ्ट हलवून बघता येतो. किंचित खेळ असतोच, पण पातं बाजूच्या भिंतीला लागत असेल तर काम निघालं.

धुरावरून काही कळतं का?

बरंच कळतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. फिल्टर, होज, इंजेक्टर याच क्रमाने बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी थंडीत थोडा पांढरा येऊन थांबला तर चिंता नको. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट तपासा.

काही जणांना काळा धूर म्हणजे गाडीत दम आहे असं वाटतं. तो न जळलेला पैसा आहे.

डिझेल तर पंपावरूनच टाकतो. त्यात काय बघायचं?

पंपावरून टाकता, हे बरं. पण हंगामात ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या ड्रममधलं दोन कॅन डिझेल पिकअपमध्ये जातंच. पावसाळ्यात त्या ड्रममध्ये पाणी उतरतं आणि तळाला गाळ असतो. इंजिनावर यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या गाड्या ते पचवायच्या. आजच्या कॉमन रेलच्या गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाने डिझेल देणाऱ्या) डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो आणि इंजेक्टरची भोकं अगदी बारीक असतात. तिथे पाण्याचा थेंबही महागात पडतो. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो दर पंधरवड्याला सोडून बघा. रस्त्याच्या कडेला "बायोडिझेल" म्हणून विकलं जाणारं स्वस्त तेल तर पिकअपच्या जवळही आणू नका. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण १० पीपीएमपर्यंत मर्यादित असतं आणि मागची सगळी यंत्रणा तेवढ्याच गंधकाच्या हिशोबाने बनवलेली असते.

इंजेक्टरवर संशय असेल तर थेट चारही बदलायला होकार देऊ नका. आधी बाटल्यांची टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक बाटल्या लावून गाडी चालवतात. ज्या बाटलीत डिझेल भराभर वाढतं तो इंजेक्टर गळका. मग तोच काढून नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला टेस्ट बेंचवर पाठवा. चार बदलण्याऐवजी एकावर काम भागलं तर अर्ध्याहून जास्त बजेट वाचतं.

एक इशारा द्यायलाच हवा. जुने मिस्त्री चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून कोणतं सिलिंडर मारत नाही ते शोधायचे. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण डिझेल आत पसरतं आणि हात गमवायची वेळ येते.

उन्हाळ्यात गाडी जास्तच मरते. काहून?

कारण हवाच विरळ होते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवेची घनता साधारण ६ टक्क्यांनी कमी असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ ला टेकतो तेव्हा तर आणखी. त्यात इंटरकूलरवर येणारी हवाही भट्टीतलीच. इंजिन फार तापलं की आजच्या गाड्यांचा संगणक स्वतःच डिझेल कमी करतो. तुम्हाला वाटतं गाडी दमली, पण ती स्वतःला वाचवत असते.

यावर ट्यूनिंग हा उपाय नाही. उपाय रेडिएटरमध्ये आहे. आपल्याकडे रेडिएटरला बोअरचं पाणी घालायची सवय आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी माणसाला पिता येत नाही, ते इंजिनला का पाजायचं? क्षार आत बसतात, नळ्या चोक होतात, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रेडिएटर एकदा नीट साफ करून घ्या आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा. रेडिएटरचं झाकणही तपासा. त्याची स्प्रिंग गेली की पाणी कमी तापमानाला उकळतं, आणि नवं झाकण काही शेकड्यांत येतं. पंख्याचा व्हिस्कस कपलिंग ढिला पडला असेल तर पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही.

आणि थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून टाकायचा सल्ला ऐकू नका. व्हॉल्व्ह काढलेलं इंजिन हिवाळ्यात आणि रिकाम्या फेरीत गारच चालतं. त्याने डिझेल जास्त लागतं आणि बोअर लवकर घासतो.

माही गाडी जुनी, पंपाची आहे. मिस्त्री म्हणतो पंप वाढवून देतो, शंभर टक्के ओढेल.

ओढेल, काही दिवस. पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं, हवा आहे तेवढीच राहते. जादा डिझेल उशिरापर्यंत जळत राहतं आणि धुराड्यात जाणारा वायू जास्त तापतो. ती उष्णता पिस्टनचं डोकं, व्हॉल्व्ह आणि टर्बो सोसतात. लांब चढावर भरलेल्या गाडीत पिस्टन वितळल्याचे प्रकार याच करामतीतून होतात. पीयूसीत गाडी नापास होते ते वेगळंच. पंप पूर्वी कोणी वाढवून ठेवला असेल तर पंप लाइनवाल्याकडून कंपनीच्या मापावर परत आणून घ्या. जुनी गाडी विकत घेताना तर हे आधी विचारा.

ट्यूनिंग बॉक्स किंवा रिमॅप केल्याने काय होतं? खरं-खरं सांगा.

खरं हे की ताकद वाढते. टर्बो डिझेलला रिमॅपने १५ ते २५ टक्के टॉर्क वाढतो, असा दावा ट्यूनर करतात, आणि इंजिन निरोगी असेल तर फरक जाणवतो. दोन्हींचं काम वेगळं आहे. स्वस्त बॉक्स रेल प्रेशरच्या सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि संगणकाला दाब कमी आहे असं भासवतो. संगणक मग दाब वाढवतो. हे आंधळं काम आहे. रिमॅपमध्ये डिझेलची मात्रा, वेळ आणि टर्बोचा दाब हे सगळं संगणकाच्या नकाशातच बदलतात. ते नीट केलं तर बॉक्सपेक्षा बरं, पण नीट करणारा मिळायला हवा. "फाइल टाकून देतो" म्हणणाऱ्याने तुमच्या गाडीचा धूर आणि तापमान न बघता दुसऱ्याच गाडीचा नकाशा टाकला तर भोगायचं तुम्हाला.

आता पुढचा खर्च बघा. वाढलेला टॉर्क आधी क्लचवर येतो. कंपनीची क्लच प्लेट कंपनीच्या टॉर्कसाठी मोजून दिलेली असते आणि त्यात थोडीच गुंजाइश असते. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज वर गेला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच आजच घसरतो आहे. त्यावर ट्यूनिंग म्हणजे महिन्याभरात प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचं बिल. क्लचनंतर गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मागचा डिफरन्शियल. पिकअप रोज दीड टन माल वाहते, हे विसरून मोटारीच्या ट्यूनिंगचे व्हिडिओ बघू नयेत.

गाडी वॉरंटीत असेल तर विषयच संपला. संगणकात केलेला बदल सर्व्हिस सेंटरला दिसू शकतो. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात अडचण करतो.

माझं मत विचाराल तर पिवळ्या पाटीच्या, भाड्याने चालणाऱ्या पिकअपला रिमॅप नको. त्याच पैशात इंजेक्टर, क्लच आणि रेडिएटर नवे होतात, आणि गाडीत मूळ ताकद परत येते. बहुतेकांना हवी असते ती तेवढीच.

ईजीआर बंद करून डीपीएफ काढून टाकला तर गाडी मोकळी होते म्हणतात.

धुराच्या यंत्रणेला हात लावणं बेकायदा आहे. पण नुसतं "बेकायदा" म्हणून कोणी थांबत नाही, म्हणून कारणही सांगतो. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोक होतो तो काजळी आणि तेलाच्या वाफेने. व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड काढून साफ केले की जी ओढ "ईजीआर बंद केल्यावर" मिळते म्हणतात ती बहुतांशी मिळते. बंद करून संगणकाला फसवलं तर दिवा पेटतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे जेमतेम चालते.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरतो तो छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे. शेत ते गाव, गाव ते गोडाऊन, असं दोन-चार किलोमीटर चालवलं की धुराडं तापत नाही आणि साचलेली काजळी जळत नाही. दिवा पेटला की त्याच दिवशी हायवेवर वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा, मध्ये बंद करू नका. इंजिन ऑइल कमी राखेचं, पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचंच वापरा. साधं स्वस्त ऑइल टाकून त्याची राख डीपीएफमध्ये बसली तर ती कितीही चालवून जळत नाही.

सायलेन्सर मोकळा केला तर?

आवाज वाढेल. ओढ नाही वाढणार. मूळ पाइप कुठे चेपलाय का, किंवा आत जाळी तुटून अडकलीय का, एवढं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे धूर आणि आवाजाच्या उल्लंघनाला दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

एक पाटा वाढवून घेऊ का? मागून लय बसते गाडी.

मागून बसते म्हणजे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) थकले आहेत किंवा माल जास्त आहे. पाटे थकले असतील तर कमान परत काढून घ्या किंवा मूळ मापाचा नवा सेट टाका. बुश, शॅकल आणि यू-बोल्टही सोबत बघा. एवढं केल्यावर गाडी ताठ उभी राहते.

वरचा पाटा टाकला की तुम्हाला वाटतं गाडीची क्षमता वाढली. चासी, ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच आहेत. ते वजन पाट्याऐवजी आता चासीवर येतं, आणि चिरा तिथेच पडतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग किती दबला यावरून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. पाटे कडक झाले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, आणि मागचे ब्रेक अर्धेच लागतात. राजूर घाट किंवा चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना हे कळणं फार उशिराचं असतं.

ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये, शिवाय माल तिथेच उतरवायचा खर्च. हे कलम १९४ मध्ये आहे. १.७ टनाच्या गाडीत अडीच टन भरून मिळणारं जादा भाडं किती आणि एका नाक्यावर जाणारं किती, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

उलट वजन कमी करणं फुकट आहे आणि त्याचा फायदा रोज मिळतो. भरलेली पिकअप तीन-साडेतीन टनांच्या घरात असते. वरचं लोखंडी कॅरिअर, कापसासाठी वाढवलेली आणि हंगाम संपल्यावरही न उतरवलेली जाळी, जाड पाइपचा गार्ड हे धरून दीडशे किलो सहज होतात, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. चढावर लागणारी ताकद वजनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तेवढी ओढ तुम्ही फुकटात परत मिळवता. पुढच्या बुल गार्डवर तर केंद्र सरकारने २०१७ च्या शेवटी बंदीच सांगितली आहे.

मोठे टायर टाकले तर दिसायला मस्त आणि चिखलातही चालेल ना?

दिसायला मस्त, बाकी तोटा. टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला की चाकावर पोचणारी ओढ जवळजवळ तेवढीच कमी होते, आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो. म्हणजे चढावर दम नाही म्हणून तक्रार करायची आणि टायर मोठे टाकायचे, हे उलटंच झालं. काळ्या मातीच्या चिखलात रुंद टायरपेक्षा नक्षी महत्त्वाची. मागच्या चाकांना खोल नक्षीचे टायर मूळ मापातच घ्या.

हवा भरताना दारावरची किंवा पुस्तिकेतली पाटी बघा आणि टायर गार असताना भरा. तापलेल्या टायरमधला वाढलेला दाब बघून हवा सोडून देणारे खूप आहेत. समृद्धीच्या सिमेंटवर मे महिन्यात कमी हवेचा, भरलेला टायर फुटायला वेळ लागत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं, चिरलेलं रबर पुढच्या चाकावर ठेवू नका.

ब्रेकचा आणि ओढीचा काय संबंध?

चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा. एखादं जड फिरत असेल तर ब्रेक धरून ठेवतोय, आणि इंजिन रात्रंदिवस त्याच्याशी भांडतंय. ड्रम काढून साफ करणं, चिखलाने अडकलेला कॅलिपर मोकळा करणं, बेअरिंगला ग्रीस आणि अलाइनमेंट, एवढ्यात गाडी हलकी पडते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ओढ वाढवण्याआधी थांबणं पक्कं हवं, यावर तडजोड नको.

स्पीड गव्हर्नर काढून घेता येईल का?

माल वाहतुकीच्या गाडीला ८० ची मर्यादा कायद्याने आहे, काढू नका. आणि ८० च्या वर जाऊन मिळतं काय? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० ला गेलं तरी तो पावणेदोन पटीच्या वर जातो. उंच जाळी आणि फडफडणारी ताडपत्री असेल तर डिझेलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. ताडपत्री ताणून बांधणं हाही एक अपग्रेडच समजा.

आरटीओचं काय? कोणते बदल चालतात?

झीज झालेला भाग मूळ मापाच्या भागाने बदलणं, म्हणजे देखभाल, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. नोंदणीत लिहिलेली वैशिष्ट्यं बदलणं हा फेरबदल. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात तेच सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस असतो. दर वेळी पासिंगआधी सामान काढायचं आणि नंतर परत लावायचं, हा खेळ किती वर्षं परवडतो?

माझ्याकडे पंचवीस हजार आहेत. कसे लावू?

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून आकडे ढोबळ धरा. सहा-सात हजारांत इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर आणि खराब होज. दोन-तीन हजारांत रेडिएटर सफाई, कूलंट, झाकण. चार-पाच हजार ब्रेक, बेअरिंग आणि अलाइनमेंटला. दोनेक हजार इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासणीला. उरलेले आठ-दहा हजार खर्चू नका. तपासणीत जे निघेल, एखादा इंजेक्टर, क्लच किंवा टर्बोचं किट, त्यासाठी ते हातात राहू द्या. सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपवून इंजिन उघडल्यावर उधारी मागणारे मी खूप पाहिले आहेत.

वसुलीचा हिशोब असा. महिन्याला २,००० किलोमीटर चालणारी गाडी ११ चं मायलेज देत असेल आणि १२ द्यायला लागली, तर महिन्याला साधारण १५ लिटर वाचतं. डिझेल ९० रुपये धरलं तर साडेतेराशे रुपये. खर्चलेल्या पैशातले पहिले दहा हजार सात-आठ महिन्यांत परत येतात. रिमॅपचे पैसे अशा रीतीने परत येताना मला दिसलेले नाहीत, कारण वाढलेली ओढ माणूस वाचवत नाही, वापरतो.

काम कधी काढावं?

ऑक्टोबरला सोयाबीन आलं की डिसेंबरपर्यंत आंबिया बहाराचा संत्रा, कापूस तर थेट फेब्रुवारी-मार्चपर्यंत, मध्ये तूर, मग मृग बहार. या काळात गाडी उभी राहिली तर भाडं दुसऱ्याकडे जातं आणि ते परत येत नाही. मोठं काम पेरणी झाल्यावर, जुलै ते पोळ्याच्या दरम्यान काढा. तेव्हा पांदणही बंद असते आणि गॅरेजात गर्दीही कमी. फक्त रेडिएटरचं काम मार्चच्या आत उरका.

फरक पडला का नाही, हे कसं समजायचं?

"हलकी वाटते" यावर जाऊ नका. पैसे खर्च केल्यावर सगळ्यांनाच गाडी हलकी वाटते. त्याच पंपावर टाकी फुल करा, पंपाचं नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा, किलोमीटर लिहा. चार-पाचशे किलोमीटरनंतर तिथेच पुन्हा फुल करा. कामाआधी दोनदा आणि नंतर दोनदा. ओढ बघायची तर रोजच्या रस्त्यावरचा एक चढ ठरवा. तेवढ्याच मालाने, त्याच गिअरमध्ये, पायथ्याला ठरावीक वेगाने लागून वर किती वेगाने निघते ते टिपा. एका वेळी एकच काम करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

गिअरचीही सवय बघा. या इंजिनांची खरी ओढ साधारण दीड हजार ते सव्वादोन हजार फेऱ्यांत असते. चौथ्यात रडवत नेण्यापेक्षा चढाच्या आधीच तिसरा टाका.

डिझेलच्या पाइपला लावायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी?

नाही.

गाडी दहा वर्षांची आहे. एवढं सगळं करायचं का विकून टाकायची?

आधी कॉम्प्रेशन टेस्ट. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ येणं वेगळं, पण धुराचे भपकारे झाकण उडवत असतील तर रिंग आणि बोअर गेले आहेत. अशा गाडीला फिल्टर, इंजेक्टर, टर्बो काहीही नवं टाकलं तरी दबाव खालून निसटतोच. मग पूर्ण इंजिनकामाचा खर्च, त्यात लागणारे इंजेक्टर-पंप, आणि गाडी उभी राहण्याचे दिवस धरा. बेरीज गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर गेली, आणि चासीला वेल्डिंगचे डागही असतील, तर मी विकायला सांगतो. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आणि चांगलं असेल, तर दहा वर्षांची गाडी अजून बरंच चालते.

इंजिनकाम द्यायचं ठरलं तर काढलेले सगळे जुने भाग परत मागून घ्या, आणि लाइनर-पिस्टनच्या खोक्यांवरचे नंबर बिलावर लिहून घ्या. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.